बिलं, पत्रं, स्मरणपत्रं आपल्या हाती घेताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून ही वही. हिशोब विभागातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा मजकूर आणि मांडणी यापुढे आम्ही सांभाळायची, अशी परवानगी आज लेखी मिळाली.

कारण एकाच ओळीचं होतं. उधारीची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवसांवर गेली आणि स्मरणपत्रात तो आकडा बदलायला हवा होता. विनंती आयटीकडे गेली ४ नोव्हेंबरला, बदललेलं पत्र छापून आलं २३ डिसेंबरला. सात आठवडे. मधल्या काळात जुनी मुदत लिहिलेली पत्रं जात राहिली. मुदत संपलीच नव्हती अशा लोकांना आमचं स्मरणपत्र पोचलं. त्यांचे फोन घेणाऱ्या आमच्या वसुलीच्या ताई रोज संध्याकाळी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसायच्या, ते मी बघत होते.

दोष आयटीवाल्यांचा नाही. पत्राचा मजकूर प्रोग्रामच्या आत लिहिलेला होता. म्हणजे एक शब्द बदलायचा तरी प्रोग्राम बदलायचा, तपासायचा, पुढच्या ठरलेल्या दिवशी चढवायचा. शिवाय रांगेत आमच्या आधी त्यांची मोठी कामं. ज्यांनी हा कागद कधी हातात धरला नाही त्यांच्याकडे त्याचे शब्द, आणि जे रोज त्याच्यावरून बोलणी खातात त्यांच्याकडे पेनसुद्धा नाही, ही रचनाच चुकीची होती.

८ जानेवारी

प्रत्येक टेबलावर सांगून आलो : तुमच्याकडून जो जो कागद बाहेर जातो त्याची एक एक छापील प्रत द्या. दुपारपर्यंत बैठकीच्या टेबलावर ५४ प्रकार जमले. बिल, दरपत्रक, माल पाठवल्याचं चलन, खातेउतारा, पावती, जमापत्र, तीन टप्प्यांची स्मरणपत्रं, खातं बंद केल्याचं पत्र. बाकीचे याच कागदांचे चुलतभाऊ. दरपत्रकं नऊ, त्यातली सात फक्त शेवटच्या परिच्छेदापुरती वेगळी.

जमिनीवर पसरून गट केले. ५४ कागद ११ नमुन्यांत बसतात. इतके वेगळे कागद आमच्याकडे खरं तर कधीच नव्हते. कोणीतरी एकदा प्रत काढून घेतली, तिच्यात एक वाक्य बदललं, आणि ती कायमची वेगळी झाली, असं चाळीसहून जास्त वेळा घडलेलं आहे.

एका चलनाची तिसरी प्रत कशासाठी, हे कोणालाच सांगता आलं नाही. जावक बघणारे काका म्हणाले, “मी आलो तेव्हापासून ती त्या निळ्या फायलीत जाते.” निळी फाइल कोणी उघडत नाही. तिसरी प्रत बंद.

१४ जानेवारी

आयटीबरोबर बैठक. त्यांची भीती सरळ होती : उद्या कोणी नमुन्यात शिरून रक्कमच बदलली तर? भीती रास्त आहे. म्हणून वाटणी अशी ठरली की आकडे त्यांचे, शब्द आमचे. नमुन्यात एकही बेरीज, एकही टक्केवारी, एकही पूर्णांकन होणार नाही. एकूण रक्कम, कर, सूट, बाकी, सगळं हिशोबाच्या प्रणालीतून तयार होऊन येईल आणि नमुना ते फक्त जागेवर ठेवेल.

यावर आमच्यातल्याच एका सहकाऱ्याचा आक्षेप होता की बेरीज तर वर्डसुद्धा करतं. फळ्यावर लिहून दाखवलं. तीन ओळी, प्रत्येकी ३३.३३५. प्रत्येक ओळ दोन दशांशांपर्यंत नेली की ३३.३४, आणि अशा तिघींची बेरीज १००.०२. आधी बेरीज केली तर १००.००५, म्हणजे १००.०१. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर, पण बिलावर एक आणि खात्यात दुसरा आकडा दिसला की विश्वास गेला.

आयटी जी डेटा फाइल देणार तिच्या रकान्यांची नावं ठरवायला मात्र अख्खी दुपार गेली, आणि ती दुपार कारणी लागली. “दिनांक” असा रकाना मागितला तर आयटीचे साहेब विचारतात, कोणता? बिलाचा, मुदतीचा की छापल्याचा? “ग्राहक” म्हणजे ज्याने मागवलं तो, ज्याच्याकडे माल गेला तो, की जो पैसे देतो तो? इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी बोलताना हे शब्द सैल वापरत होतो आणि प्रसंगावरून समजून घेत होतो. फायलीला प्रसंग कळत नाही. ३८ रकाने झाले, प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ. त्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या.

२० जानेवारी

साधन कोणतं? कागदपत्रं तयार करण्याची खास सॉफ्टवेअरं असतात. चौकटी ओढून बसवायच्या, अटी लावायच्या, हजारो बिलं एका रात्रीत. दोन बघितली, चांगली आहेत. तरी सुरुवात वर्ड आणि त्यातल्या मेल मर्जवर (डेटा फाइलमधली एकेक नोंद नमुन्यात आपोआप भरण्याची सोय) करतोय. माझी कसोटी एकच होती : मी रजेवर असताना वसुलीच्या ताई एकट्या बसून एक वाक्य बदलू शकतील का? नवीन साधन आणलं असतं तर ते येणारा एकच माणूस तयार झाला असता, आणि मग आयटीच्या रांगेऐवजी त्या माणसाच्या रांगेत उभं राहायचं.

आज सगळ्यांना एवढंच शिकवलं : नमुना हा साध्या फाइलसारखा नाही, टेम्पलेट म्हणून जतन करायचा. टेम्पलेटवर दोनदा क्लिक केलं की नवी प्रत उघडते, मूळ तसंच राहतं. आजवर मागच्या ग्राहकाचं पत्र उघडून त्यावरच नवं नाव टाकायची पद्धत होती. जुन्या ग्राहकाचा एखादा आकडा नव्या पत्रात राहून जाण्याची वाट तिथूनच जाते.

२४ जानेवारी

जुनं दरपत्रक उघडलं आणि अदृश्य खुणा दाखवणारं बटण दाबलं. “एकूण” आणि रकमेच्या मध्ये २३ ठिपके. म्हणजे कोणीतरी स्पेसबार २३ वेळा दाबून आकडा उजवीकडे नेलेला. आकडा एका अंकाने मोठा झाला की रांग मोडणार, मग कोणीतरी एक स्पेस काढणार. सगळं पुसून कडा नसलेली सारणी घातली, रकमेचा रकाना उजवीकडे टेकवला. मथळे, परिच्छेद, तळटीप यांना शैली नेमून दिल्या. आता शैलीत अक्षराचा आकार एकदा बदलला की त्या नमुन्यात सगळीकडे बदलतो.

देवनागरीसाठी दोन गोष्टी स्वतंत्र लिहून ठेवते, कारण त्या शोधायला दीड दिवस गेला.

पहिली : वर्ड देवनागरीला जटिल लिपी मानतं आणि तिचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा धरतं. शैलीत फक्त वरचा आकार बदलला तर इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी जिथल्या तिथे. शैलीच्या खिडकीत दोन्ही चौकटी भरायच्या.

दुसरी जास्त वाईट. छापून आलेल्या बिलावर “आर्थिक वर्ष” ऐवजी “आथिक वष” दिसत होतं. शुद्धलेखन बरोबर, फाइलमध्ये रफार होता, कागदावर नव्हता. ओळीतलं अंतर “नेमकं १२ पॉइंट” असं बांधून टाकलेलं होतं. नेमकं म्हटलं की वर्ड तेवढ्याच उंचीची पट्टी देतं आणि तिच्या वर जाणारं जे काही असेल ते छाटतं. रोमन अक्षरं त्या पट्टीत मावतात. आपले रफार, मात्रा, वेलांट्या शिरोरेघेच्या वर राहतात, त्या कापल्या जातात. “नेमकं” च्या जागी “किमान” केलं आणि रफार परत आला. इतकी वर्षं आमची बिलं अशीच जात होती. वाचणाऱ्यांनी ते आमचं अशुद्ध लेखन समजून सोडून दिलं असणार. याचं मला फार वाईट वाटलं.

३० जानेवारी

मेल मर्जची पहिली चाचणी, २० नोंदी. तीन घोटाळे.

रक्कम १२५०.४० हवी तिथे दशांशानंतर अंकांचं लांबलचक शेपूट. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो, त्यात ०.४ नेमका बसत नाही, आणि एक्सेलने पडद्यावर नीट दाखवलेला आकडा मर्जमध्ये कच्चा येतो. तारखा महिना आधी धरून उलट्या आल्या, ३ फेब्रुवारीचा २ मार्च झाला. आणि ग्राहक क्रमांकांची पुढची शून्यं गायब : ००४७१ चा नुसता ४७१. आयटीकडून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) मी एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली आणि जतन केली होती, शून्यं तिथेच गेली.

रकान्याला स्वरूपाचा संकेत जोडून पहिल्या दोन गोष्टी नमुन्यातच दुरुस्त करता येतात. करून पाहिल्या, चालतात. पण अकरा नमुन्यांत मिळून शेकडो जागी ते संकेत कोण सांभाळणार? आयटीला विचारलं की प्रत्येक रक्कम आणि तारीख छापायच्या रूपातच, मजकूर म्हणून देता येईल का. त्यांचं काम एका तासाचं होतं. आता डेटा फाइल कोणी एक्सेलमध्ये उघडायची नाही. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये.

६ फेब्रुवारी

आज स्मरणपत्राचे शब्द. प्रकल्पातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम हेच.

जुनं पत्र असं सुरू व्हायचं : “आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की आपल्या खात्यावर आमच्या अभिलेखानुसार थकबाकी प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले असून ती विनाविलंब भरणा करण्याची तजवीज करावी.” हे कोणी लिहिलं कोणाला माहीत नाही. प्रोग्राममध्ये होतं.

ताईंना म्हटलं, तुम्ही लिहा. त्या म्हणाल्या, “मॅडम, मला असलं भारी लिहिता येत नाही.” मग म्हटलं, हे पत्र मिळाल्यावर लोक फोन करून पहिल्यांदा काय विचारतात ते सांगा. ते त्यांना पाठ होतं. पहिला प्रश्न, कोणतं बिल? दुसरा, मी परवाच भरलेत, तरी पत्र कसं? तिसरा, हप्त्याने दिले तर चालतील का? त्या उत्तरं सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले :

“आपल्या बिल क्रमांक … ची … इतकी रक्कम अजून आमच्याकडे जमा झालेली नाही. भरण्याची मुदत … रोजी संपली. … तारखेपर्यंत आलेल्या रकमा या पत्रात धरल्या आहेत. त्यानंतर आपण रक्कम भरली असेल तर हे पत्र बाजूला ठेवावे. एकरकमी देणे अडचणीचे असेल तर … पूर्वी आमच्याशी बोलावे, हप्ते ठरवता येतील.”

तिसऱ्या वाक्यातली ती तारीख कुठल्याच जुन्या पत्रात नव्हती. तिच्यासाठी आयटीकडून नवा रकाना मागून घेतला, ३९ वा. पत्र छापल्याची तारीख आणि जमा धरल्याची तारीख यांत दोन-तीन दिवसांचं अंतर असतं, आणि निम्मी भांडणं त्या अंतरातली आहेत, हे ताईंनी सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला तर ते कळायचा मार्गच नव्हता.

नावापुढचं “श्री.” आणि “श्रीमती” काढून टाकलं. डेटात ते भरलेलं नाही आणि नावावरून अंदाज करणं बरं नाही. पूर्ण नाव लिहून खाली “सप्रेम नमस्कार”.

१० फेब्रुवारी

अवघड नोंदींची एक वेगळी फाइल केली. नमुना बदलला की आधी ही फाइल चालवायची. तिच्यात सर्वांत लांब नाव, पत्त्याची दुसरी ओळ रिकामी, एकच वस्तू असलेलं बिल, ६० वस्तूंचं बिल, शून्य बाकी, उणे बाकी, नावात जोडाक्षरांची गर्दी, आणि एक नोंद जवळजवळ सगळी कोरी.

६० वस्तूंच्या बिलाने लगेच पकडलं : दुसऱ्या पानावर रकान्यांची नावं नाहीत आणि तिसऱ्या पानावर एकटी “एकूण” ची ओळ. सारणीची पहिली ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापायची सोय सारणीच्या गुणधर्मांत आहे. ओळ मधून तुटू नये हीसुद्धा तिथेच. शेवटच्या दोन वस्तूंना “पुढच्या परिच्छेदासोबत ठेवा” लावलं, आता एकूण रक्कम एकटी पडत नाही.

१२ फेब्रुवारी

चूक झाली, आणि ती माझी. ३ तारखेला चाचणी म्हणून पाच खरी पत्रं पाठवली होती. आज जावकचे काका नोंदवही घेऊन आले : वहीत ३ तारीख, आणि फाइल उघडली तर पत्रावर १२. तारखेच्या जागी मी आपोआप बदलणारी तारीख घातली होती. ती फाइल जेव्हा जेव्हा उघडेल तेव्हा तो दिवस दाखवते. उद्या वाद झाला असता तर पत्र कधी गेलं हे आमचीच फाइल खोटं सांगत होती. काकांची हाताने लिहिलेली वही होती म्हणून सापडलं.

सगळ्या नमुन्यांतून ती काढली. पत्राची तारीख आता डेटातूनच येते. आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची पीडीएफ त्याच दिवशी ठेवायची. प्रत मागितली तर ती पीडीएफ द्यायची, नव्याने तयार करून नाही. कारण तोवर नमुना बदललेला असेल, ग्राहकाचा पत्तासुद्धा.

१८ फेब्रुवारी

नमुने कोणी बदलायचे याचे नियम. तीन फोल्डर : मसुदा, लागू, जुने. “लागू” सगळ्यांना फक्त वाचण्यासाठी, लिहिण्याचा अधिकार दोघांना. ज्याने बदल केला त्याने तो मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने अवघड नोंदींची फाइल चालवून छापील प्रत वाचायची. जुन्या आवृत्त्या कधीच पुसायच्या नाहीत. फाइलच्या नावात तारीख वर्षापासून सुरू करायची, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. “अंतिम”, “नवीन अंतिम” ही नावं बंद.

प्रत्येक कागदाच्या तळाला बारीक अक्षरात खूण : स्म-२ (म्हणजे दुसरं स्मरणपत्र), आवृत्ती ४. फोनवर कोणी कागद हातात धरून बोलत असेल तर ती खूण विचारली की आपण तोच मजकूर समोर उघडू शकतो.

बँक खात्याच्या तपशिलावर बराच वेळ बोललो. तो आठ नमुन्यांत टाइप केलेला होता. मी आग्रहाने तो आमच्या हातातून काढून घेतला, तो डेटातूनच येईल आणि त्याच्या बदलाला दोन वरिष्ठांची मंजुरी लागेल. पैसे कुठे जायचे हे ठरवणारी ओळ शब्दांसारखी सहज बदलता येता कामा नये.

२५ फेब्रुवारी

जतन करण्यासाठी पीडीएफ-ए हा प्रकार घेतला. दीर्घकाळ ठेवायच्या कागदांसाठीच तो २००५ मध्ये आयएसओ १९००५ म्हणून प्रमाणित झाला. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात, म्हणून दुसऱ्या संगणकावर अक्षरं बदलत नाहीत. वर्डमधून जतन करताना पर्यायांत एक खूण करायची, एवढंच.

मराठी मजकूर पीडीएफमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिला. काही ठिकाणी वेलांट्या जागा सोडून गेल्या. म्हणजे नावावरून शोधण्यावर भरवसा नको. फाइलच्या नावातच बिल क्रमांक आणि ग्राहक क्रमांक घालतोय. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) आधीच्या फॉन्टमधले जुने नमुने मात्र उतरवून न घेता नव्याने टाइप केले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसतात.

४ मार्च

खिडकीच्या पाकिटाचं काम, छोटं. ए-४ कागदाच्या तीन घड्या, प्रत्येकी ९९ मिमी, आणि पाकीट ११० उंच. घडी आत थोडी हलते, तेवढं धरून पत्ता खिडकीत राहिला पाहिजे. वरचं चिन्ह मोठं केलं की पत्ता खाली सरकायचा. पत्ता आता कागदाच्या कडेपासून मोजलेल्या स्थिर चौकटीत आहे, वर काहीही बदलो. पाकीट हातात हलवून पाहिलं, पत्त्याखालची बाकीची रक्कम खिडकीतून दिसत नाही ना हेही.

११ मार्च

जुनी आणि नवी पद्धत एका महिन्याच्या बिलांवर शेजारी शेजारी चालवली. २०० बिलं दोघी-दोघींनी बसून वाचली, एकीने जुनं मोठ्याने वाचायचं, दुसरीने नव्यावर बोट ठेवायचं. रकमांत फरक शून्य. नावांत फरक १७ : जुना प्रोग्राम नाव ३० अक्षरांवर तोडत होता, आता पूर्ण येतं.

आमची एक चूक निघाली. मोठ्या रकमेचं एकच बिल होतं, त्यात १२,४५,६८०.५० रकान्यात न मावल्याने शेवटचा ० खालच्या ओळीत गेला होता. रकाना रुंद केला, आणि अवघड नोंदींच्या फाइलमध्ये एक मोठी रक्कम घातली. ती आधीच असायला हवी होती.

१९ मार्च

कालपासून नऊ नमुने पूर्ण चालू. आज सकाळी व्यवस्थापनाकडून सूचना आली : दुसऱ्या स्मरणपत्रात हप्त्यांसाठी बोलण्याची मुदत ७ ऐवजी १० दिवस करा. मी बैठकीत होते. ताईंनी मसुदा उघडला, बदल केला, अवघड नोंदी चालवल्या, शेजारच्या टेबलावर वाचायला दिलं, आवृत्ती ५ लागू केली. दुपारच्या पत्रांत नवा आकडा होता. बैठकीतून आले तर त्यांनी फक्त नोंदवही सहीसाठी पुढे केली.

राहिलेलं : दरपत्रकाच्या अटींचा परिच्छेद. तीन टेबलांच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिघांनाही आपलीच बरोबर वाटते. २४ तारखेला तिघांना एकत्र बसवलं आहे, छापील प्रती आणि मागच्या वर्षीचे वादाचे फोन यांची यादी घेऊन. खातं बंद करण्याचं पत्र त्यानंतर.